टोपी, फेटा, पी-कॅप: कुठं घालायची, कुठं काढायची?

पेठकर (धागाकर्ता)

यंदा गणपतीत घरी जुंपली. आरतीला पोरगा पी-कॅप घालून उभा राहिला. मी म्हटलं, काढ ती. वडील म्हणाले, असू दे, देवापुढं बोडकं डोकं नको. मी म्हटलं, अहो ती क्रिकेटची टोपी आहे. ते म्हणाले, मग दुसरी दे, पण डोक्यावर काहीतरी पाहिजे. शेवटी पोरानं खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि दोघांनाही गप्प केलं.

पण प्रश्न राहिलाच. शाळेत इंग्रजीच्या सरांनी शिकवलेलं की सभ्य माणूस घरात पाऊल टाकताना टोपी काढतो. घरात शिकवलेलं त्याच्या बरोब्बर उलटं. आता फेटा, गांधी टोपी, पी-कॅप, कानटोपी, हेल्मेट असं सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर वर्षभरात येऊन जातं. देऊळ, लग्न, मयत, जेवणाची पंगत, बँक, राष्ट्रगीत: कुठं काय करायचं? फक्त पुरुषांपुरतं बोलूया. पदराचा विषय वेगळा आणि मोठा आहे, त्याला वेगळा धागा काढा.

मिसळ_कट

कॅप सुलटी होती की उलटी? त्यावर बरंच अवलंबून हाय भावा. हलकं घ्या.

गगनबावडेकर

पेठकर, तुमचे वडील बरोबर आहेत आणि तुम्हीही. सांगतो कसं ते.

आमच्याकडे पावसाळ्यात भातलावणीला इरलं (बांबू आणि पानांचं, डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं पावसाचं आच्छादन) असायचं. ज्यांच्याकडे इरलं नाही ते पोत्याची किंवा घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून घ्यायचे. माणूस शेतातून आला की इरलं पडवीत भिंतीला टेकवायचा, खोळ झटकून दांडीवर टाकायचा, मग आत. इरलं घेऊन कोणी माजघरात आलाय असं मी पाहिलेलं नाही. पण त्याच माणसाच्या डोक्यावर इरल्याखाली टोपी असायची. ती आत यायची. ती काढायचं काही कारणच नव्हतं.

तर आमच्या म्हाताऱ्यांचा हिशेब असा: ऊन-पावसासाठी जे डोक्यावर असतं ते दारात उतरायचं, मानासाठी जे असतं ते डोक्यावरच ठेवायचं. या हिशेबानं पी-कॅप म्हणजे इरल्याचाच भाऊ. छत्री घेऊन आपण देव्हाऱ्यापुढं जातो का? तसंच ते. आणि कॅप उतरवल्यावर डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल. नातवाला जे सुचलं ते तुम्हा दोघांच्या भांडणापेक्षा शहाणपणाचं होतं.

आमचे आजोबा टोपी फक्त आंघोळीला आणि झोपताना काढत. काढली की ती खुंटीला. जमिनीवर, खाटेच्या पायथ्याला किंवा चपलांजवळ टोपी दिसली तर घरातल्या कुणाचं तरी काही खरं नसायचं. धुतलेली टोपी वाळत घालायची तीसुद्धा दोरीवर चड्ड्या-बनियनच्या रांगेत नाही, वेगळी.

ताराराणी_चौक

इरल्याचा मुद्दा आवडला. मग हेल्मेट, गॉगल, कानटोपी सगळं दारातच. बँकेच्या आणि एटीएमच्या दारावर 'हेल्मेट काढून आत या' असं लिहिलेलं असतंच, पण तिथं कारण मानपान नाही, कॅमेऱ्यात तोंड दिसलं पाहिजे एवढंच. पासपोर्टच्या फोटोतही तेच. धर्माच्या कारणाशिवाय डोक्यावर काही चालत नाही.

कानटोपीबद्दल मात्र सूट द्या. आमचे तात्या डिसेंबरात पाहुण्यांच्या घरी सोफ्यावर कानटोपीत बसतात. त्यांना 'काढा' म्हणायची हिंमत कोणाची आहे?

पुण्यात_अडकलेला

पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे इथल्या मंडळींनी ध्यानात घ्यावं. पगडी घडवलेली असते, टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवली की झालं. सार्वजनिक शिष्टाचाराच्या दृष्टीनं ती फार सोयीची.

मिसळ_कट

सोयीचंच पायजे तर मग हेल्मेट घाला की. फेटा माणसाच्या डोक्यावर बांधावा लागतो, तेवढा वेळ दुसरा माणूस तुमच्यासाठी उभा राहतो. मान तिथंच झाला. पगडी दुकानातनं आणली आणि घातली, ह्यात दुसऱ्या माणसाचा काय संबंध?

फेटा_बांधणारा

मिसळ_कट यांनी आमच्या धंद्याचं गुपित फोडलं.

लग्नसराईत मी दिवसभर हेच करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. कोल्हापुरी फेट्याचं कापड साधारण आठ-दहा मीटर. एक जण टोक धरून लांब उभा राहतो, मी दुसऱ्या बाजूनं पीळ देत येतो. शेमल्यापुरतं हातभर कापड आधी पाठीवर सोडायचं, मग कपाळावर पदर तिरके, एकावर एक. शेवटचं टोक चुणून पंख्यासारखं वर काढलं की तुरा. हे चालू असताना नवरदेवानं मोबाईलमध्ये मान घातली की सगळे पदर एका बाजूला सरकतात. फेटा बांधून घेणाऱ्याचा पहिला शिष्टाचार हाच की मान ताठ आणि तोंड बंद. आम्ही त्यावेळी मागं आणि बाजूला असतो, तुम्ही बोलत असलात की जबड्याबरोबर कपाळाची कातडी हलते आणि पदर बसत नाही.

आता काही गोष्टी ज्या लोक चुकतात.

बांधलेला फेटा काढायचा झाला तर दोन्ही हातांनी बाजूंनी धरून अलगद सरळ वर उचलायचा. तुऱ्याला धरून नाही. नीट बांधलेला असेल तर तो टोपीसारखा अख्खा निघतो आणि दोन-तीन दिवस परत घालता येतो. काढला की टेबलावर, कपाटावर, कुणाच्या तरी मांडीवर. खुर्चीवर ठेवू नका. कोणीतरी बसतंच.

कार्यक्रमात पहिल्या रांगेत फेटेवाले पाहुणे बसले की मागच्या माणसाला स्टेजऐवजी तुरे दिसतात. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ ला जळायच्या आधी तिथं सत्कार समारंभात मी स्वतः तिसऱ्या रांगेतून नुसते तुरेच बघितलेत. सत्कार झाला, फोटो झाला, भाषणं सुरू झाली की फेटा काढून मांडीवर घ्यावा. यात कोणाचाही अपमान नाही.

जेवताना? लग्नाच्या पंगतीत नवरदेव आणि मानकरी फेट्यातच जेवतात, चालतं. पण श्राद्धाच्या पानावर डोकं गुंडाळून जेवू नये, असं जुन्या धर्मशास्त्रातच आहे. भटजी सांगतात ते उगाच नाही.

आखाडा_आणि_तांबडी_माती

खासबागेत (कोल्हापूरचं, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ पासूनचं कुस्तीचं मैदान) पंच बघा कधी. पायताण बाहेर काढून, फेटा डोक्यावर ठेवून मातीत उतरतात. साहेबाला हे दृश्य उलटं दिसेल: बूट पायात पाहिजेत आणि टोपी हातात. पैलवान मात्र लंगोटावर, उघड्या डोक्यानं. त्यानं माती कपाळाला लावली की झालं. कुस्ती मारली की मग त्याच्या डोक्यावर फेटा चढतो आणि तो खांद्यावर. हरलेल्याच्या डोक्यावर काही नसतं, त्यामुळं त्याला काही उतरवावंही लागत नाही. आमच्या वस्तादांचं एक सांगणं होतं: सत्काराचा फेटा घरी नेऊन आईच्या नाहीतर वस्तादांच्या हातात द्यायचा, रस्त्यात मित्राच्या डोक्यावर घालून फोटो काढायचे नाहीत. आता सगळेच काढतात.

वकीलसाहेब_शाहूपुरी

पायताण आणि पागोट्याचा हा उलटसुलट मामला इंग्रजांच्या काळात चांगलाच पेटला होता. त्यांच्या दरबारात आणि कचेऱ्यांत एतद्देशीयांनी आपल्या रिवाजाप्रमाणे जोडे काढावेत आणि पागोटं डोक्यावर ठेवावं, अशी अपेक्षा असे. म्हणजे आपलाच मान देण्याचा प्रकार आपल्याकडून सक्तीनं करून घ्यायचा. पुढं इंग्रजी बूट घालणारे हिंदी लोक वाढले आणि बुटांसकट आत सोडायचं की नाही यावर कागद रंगले.

याची दुसरी बाजू दक्षिण आफ्रिकेत. १८९३ मध्ये डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं तरुण बॅरिस्टर गांधींना पागोटं काढायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि ते कोर्टातून बाहेर पडले. त्या मॅजिस्ट्रेटच्या लेखी पागोटं म्हणजे हॅट, आणि हॅट छपराखाली काढतात. गांधींच्या लेखी ते काढणं म्हणजे मान उतरवून ठेवणं. गगनबावडेकरांच्या भाषेत सांगायचं तर मॅजिस्ट्रेटला ते इरलं वाटलं.

आज आपल्या कोर्टात गांधी टोपी घातलेला पक्षकार साक्षीला उभा राहतो, त्याला कोणी टोपी काढायला सांगत नाही. पी-कॅप घातलेल्याला बेलिफ हळूच खूण करतो. कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

निवृत्त_हवालदार

फौजेतलं सांगतो. टोपी डोक्यावर नसेल तर आम्ही सॅल्यूट करत नाही, फक्त सावधान होतो. म्हणून साहेबाच्या ऑफिसात जाताना टोपी घालून, बेल्ट कसून जायचं. पण एखाद्यावर चार्ज लागला आणि त्याला कमांडिंग ऑफिसरसमोर मार्च करून नेलं, तर दाराबाहेरच हुकूम होतो: टोपी, बेल्ट उतार. नुसत्या डोक्यानं आत. शिक्षा काय होईल ती होईल, पण ती टोपी सुभेदार मेजरच्या देखत हातातून जाते तेव्हाच अर्धा जीव जातो. माझ्यावर ती वेळ आली नाही, दुसऱ्यांना नेताना पाहिलंय.

जेवायला मेसमध्ये टोपी काढून. शीख जवानाची पगडी कुठंच उतरत नाही, ती वर्दीचाच भाग.

बेळगावच्या सेंटरला आमच्यातली निम्मी पोरं गावाकडनं आलेली, टोपी म्हणजे आजोबांची पांढरी एवढंच माहीत. बेरे (फौजेची मऊ, चपटी टोपी) डोक्यावर सरळ बसवायला शिकवताना उस्तादाच्या नाकी नऊ यायचे.

रंकाळ्याकाठी

राष्ट्रगीताचं कोणीतरी स्पष्ट करा. दर १५ ऑगस्टला सोसायटीत एक काका पोरांच्या टोप्या काढायला लावतात.

निवृत्त_हवालदार

ते अमेरिकेचं बघून. त्यांच्या ध्वजसंहितेत बिगरवर्दीतल्या पुरुषानं टोपी उजव्या हातानं काढून डाव्या खांद्याशी धरायची, असं लिहिलंय. आपल्याकडं नियम एकच: सावधान उभं राहायचं. गांधी टोपी, फेटा, पगडी जागेवर. पोराची उन्हाची कॅप काढली तर छान दिसतं, पण त्यावरून झेंड्याखाली आवाज चढवायचा नाही. ते जास्त वाईट दिसतं.

शिरोळची_लेक

पुरुषांपुरता धागा आहे हे वाचलं, तरी लिहिते, कारण टोपीचा सगळ्यात वाईट उपयोग मुलीच्या बापाला करावा लागतो.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात मानपानावरून वरपक्ष रुसला. कारण काय, तर व्याह्यांच्या चुलत्याला फेटा दुसऱ्या नंबरावर बांधला. मांडवात अक्षता हातात घेऊन लोक उभे, आणि मुलीच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून व्याह्याच्या पायावर ठेवली. पांढरी, कडक इस्त्री केलेली, नवी टोपी. तिच्या कडेला कपाळाच्या घामाची ओल अजून दिसत होती. व्याह्यांनी ती उचलून परत त्यांच्या डोक्यावर घालायला हवी होती. रीत तशी असते, म्हणतात. त्यांनी आधी चुलत्याकडे बघितलं, मग उचलली.

इथं सगळे टोपीचा मान, टोपीचा मान लिहितायत. तो मान इतका महाग असेल तर मला वाटतं आहेरातले फेटे-टोप्या बंद झाल्या तरी बिघडत नाही. पत्रिकेवर 'सत्कार, हारतुरे, फेटे नाहीत' असं छापणारी घरं मला जास्त शहाणी वाटतात.

गगनबावडेकर

ताई, टोपी पायावर ठेवायची रीत आमच्या लहानपणीही वाईटच वाटायची. ती बंद व्हायलाच पाहिजे. आहेराच्या फेट्यांबद्दलही पूर्ण सहमत. पन्नास लोकांची नावं माईकवरून पुकारून एकेकाला टोपी-टॉवेल-नारळ देईपर्यंत मुहूर्त निघून जातो, आणि त्या टोप्या पुढच्या लग्नात फिरून आपल्याकडेच येतात.

पण एक टोपी मी बंद करणार नाही. माणूस गेला की मुलगा उघड्या डोक्यानं असतो. रक्षाविसर्जन होतं, दिवस होतात, आणि शेवटी दुखवट्याला सोयरे टोपी-टॉवेल घेऊन येतात. मामा नाहीतर सासरा त्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवतो. कोणी काही बोलत नाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो. माझ्या डोक्यावर माझ्या सासऱ्यांनी ठेवली होती. मी एरवी टोपी घालत नाही, ती मात्र ठेवलीय.

ताराराणी_चौक

मयतीत डोक्यावर टोपी असू द्यायची की काढायची? सिनेमात सगळे हॅट काढून छातीशी धरतात.

गगनबावडेकर

ती त्यांची रीत. आपल्याकडे मयतीला जाणारा म्हातारा माणूस टोपी घालूनच जातो. पी-कॅप, हेल्मेट मात्र गाडीवर ठेवून या. तिरडीजवळ उलटी कॅप घालून उभं असलेलं पोरगं कुणाच्याच डोळ्याला बरं दिसत नाही.

जुनी_पेठ_नवा_पोरगा

शिरोळच्या ताईंना एक प्रश्न. शिवजयंतीला आणि पाडव्याला मुली फेटा बांधून बुलेट रॅली काढतात, त्याबद्दल काय मत?

शिरोळची_लेक

मी स्वतः गेलेय. फेट्यावर हेल्मेट बसत नाही, तेवढीच अडचण.

वकीलसाहेब_शाहूपुरी

अडचण छोटी नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९. हेल्मेटमधून सूट आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला. फेटा, पटका, मुंडासं यांचा त्यात उल्लेख नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड एक हजार आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. रॅलीत पोलीस सहसा काही बोलत नाहीत, म्हणून तो नियम नाही असं नाही. आणि दंडाचं सोडा, आठ मीटर मलमल डांबरापासून डोकं वाचवत नाही. फेटा पिशवीतून न्या, पोचल्यावर बांधा.

मिसळ_कट

पोचल्यावर बांधायला फेटेवाला पायजे की. त्याला मागं बसवून न्यायचा का? त्याला पण हेल्मेट.

रंकाळ्याकाठी

दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळांचं कोणी लिहिलं नाही. बाबूजमाल दर्ग्यात आपल्यातलेही बरेच जण जातात. डोकं झाकून जायचं, रुमाल पुरतो. गुरुद्वारात तर झाकल्याशिवाय आतच नाही, आणि दाराशी रुमाल ठेवलेले असतात, ते परत जागेवर ठेवा, खिशात घालून घरी आणू नका (आमच्या एका मित्राला उद्देशून). चर्चमध्ये उलटं: पुरुषांनी डोकं उघडं. तिथं टोपी घालून बसलं तर कोणी हाकलत नाही, पण मागच्या बाकावरचे लोक बघत राहतात. दक्षिणेतल्या काही देवळांत शर्टही काढायला लावतात, तिथं टोपीचा प्रश्नच मिटला.

भाऊबीजेला आणि पाडव्याच्या ओवाळण्याला टोपी पाहिजेच. आमच्या घरी एकच टोपी आहे, ती चार भावांच्या डोक्यावरून फिरते. शेवटच्याच्या वेळेपर्यंत तिला तेल आणि कुंकू दोन्ही लागलेलं असतं.

इतिहासाचा_नाद

अवांतर, पण कोल्हापूरचं आहे म्हणून. आपले छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोपच्या दौऱ्यावरून परतताना १८७० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले. वय विशीच्या आसपास. अर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि तिथंच कशीने बागेत त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली. आत रंगवलेला अर्धपुतळा आहे, डोक्यावर पागोटं. छत्रीचा आराखडा इंग्रज वास्तुकार मेजर मँटचा, त्याच मँटनं पुढं आपला न्यू पॅलेस केला. शेजारच्या पुलालाही तिथले लोक त्या 'भारतीया'च्या नावानं ओळखतात. ज्या देशात रस्त्यात ओळखीचा दिसला की हॅट उचलायची पद्धत होती, तिथं दीडशे वर्षं एक माणूस पागोटं न उचलता बसलाय.

पुण्यात_अडकलेला

हे माहीत नव्हतं. दंडवत.

पेठकर (धागाकर्ता)

सगळ्यांना धन्यवाद. वडिलांना गगनबावडेकरांचा इरल्याचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, ह्यात नवीन काय सांगितलं? पोराला वाचायला दिला तर तो म्हणाला की मग हूडीची टोपी कशात धरायची, ती तर कपड्यालाच शिवलेली असते. यावर मत द्या.

आणि फेटा_बांधणारा, एक विचारायचं होतं. घरात आजोबांचा जुना बांधणीचा फेटा ट्रंकेत आहे, घड्यांवर पिवळा पडलाय. नातवाच्या मुंजीत वापरायचा आहे. धुवू का?

फेटा_बांधणारा

घरी धुवू नका, बांधणीचा रंग सुटतो आणि पांढरे ठिपके गुलाबी होतात. आधी कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रंग लागला तर धोब्याला द्या आणि सांगून द्या. पिवळे डाग सगळे जाणार नाहीत, पण तो भाग आतल्या पदरात घालता येतो, ते आमच्यावर सोडा. घडीवर कापड विरलंय का ते उजेडात धरून बघा. विरलं असेल तर पीळ देताना तिथंच फाटतं, मग त्यातलं चांगलं कापड मुंजीच्या बटूला छोट्या फेट्याला पुरेल. लहान डोक्याला तसंही निम्मंच लागतं.

हूडीचं म्हणाल तर ती पाठीवर टाकायची, आरतीपुरती.